नाव कुठं कळलं?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की ज्यांचा धंदा लहान आहे, एकट्यानं किंवा दोघा-तिघांत चालतो, आणि ऑनलाइन जाहिरातीपुढं ज्यांचा गोंधळ उडालाय, त्यांनी पत्र पाठवावं. त्यांतली पाच पत्रं इथं घेते. हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी पुस्तकबांधणी करते. वडिलांच्या हाताखाली शिकले, त्याला आता २२ वर्षं झाली. प्रबंध, वहीखाती आणि पानं सुटलेली जुनी पुस्तकं हे माझं काम. जाहिरातीबद्दल मला जे कळलं, ते बहुतेक एका लांबट वहीतून कळलं. तिच्यात तारीख, नाव आणि काम हे रकाने वडिलांनी आखलेले. चौथा रकाना मी वाढवला : ‘आमचं नाव कुठं कळलं?’ पुढच्या उत्तरांत ही वही पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : ताई, मी तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो. फेसबुक पेज चार वर्षं चालवतोय, अकराशे फॉलोअर आहेत. पोस्टवर लाइक पडतात, ‘सुंदर काम’ असं लोक लिहितात, पण नवं गिऱ्हाईक महिन्याला एखादंच येतं. प्रत्येक पोस्टखाली ‘बूस्ट’चं, म्हणजे पैसे घेऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचं, बटण दिसतं. पैसे भरून पाहू का?

उत्तर : आत्ता नको. आधी त्या अकराशे जणांकडं नीट बघू. त्यांना वाद्यं आवडतात, म्हणून ते तुमच्या पेजवर आले. पोस्ट पाहतात त्या दिवशी त्यांच्या घरी काही मोडलेलं नसतं. ज्याच्या व्हायोलिनची खुंटी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सैल झाली, तो फेसबुक चाळत बसत नाही. तो एक तर फोनवर ‘व्हायोलिन दुरुस्ती’ शोधतो, नाहीतर आपल्या गुरुजींना फोन लावतो. या दोन ठिकाणी तुम्ही सापडता का, हे आधी बघा. गुरुजींसारखी जी माणसं आपल्याकडं गिऱ्हाईक पाठवतात, त्यांच्याकडं दुसऱ्या उत्तरात वळते, आधी शोधाचं सांगते.

गूगलवर धंद्याची नोंद फुकट करता येते. २०१४मध्ये ती ‘गूगल माय बिझनेस’ या नावानं सुरू झाली, २०२१पासून तिला ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. जवळपासचं काही शोधलं की कुणाचं नाव वर दाखवायचं, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं असं गूगल स्वतःच सांगतं : शोधणाऱ्याला हवं ते आणि तुम्ही देता ते किती जुळतं, तुम्ही किती अंतरावर आहात, आणि तुमचं नाव किती जणांना माहीत आहे. अंतराचं आपण काही करू शकत नाही. नाव व्हायला वेळ लागतो. जुळणं मात्र आज दुपारी दुरुस्त करता येतं. तुमच्या नोंदीत मुख्य प्रकार काय निवडलाय? ‘वाद्यांचं दुकान’ असेल तर वाद्य विकत घ्यायला निघालेल्यांना तुम्ही दिसता आणि ते तुमच्या काही कामाचे नाहीत. तो ‘वाद्यदुरुस्ती’ करा. माझ्या नोंदीत सुरुवातीला छपाई हा प्रकार होता आणि दिवसाला दोन-तीन फोन व्हिजिटिंग कार्डासाठी यायचे. प्रकार बदलला, ते फोन थांबले. धंद्याच्या नावात मात्र ‘उत्तम स्वस्त दुरुस्ती’ असले शब्द कोंबू नका. पाटीवर जे नाव आहे तेच हवं असा तिथला नियम आहे आणि तो मोडला तर नोंद बंद होऊ शकते. घरातूनच काम करत असाल तर पत्ता झाकून फक्त कुठल्या भागात सेवा देता ते लिहायची सोय आहे.

आता वहीचं. ‘नाव कुठं कळलं?’ असं एकदा विचारून भागत नाही. ‘नेटवर’ असं उत्तर आलं की मी लगेच विचारते, ‘काय लिहून शोधलंत?’ या दुसऱ्या प्रश्नानं मला सगळ्यांत जास्त शिकवलं. मी माझ्या वेबसाइटवर ‘ग्रंथांची पुनर्बांधणी’ आणि ‘जुजबंदी शिलाई’ असं लिहून ठेवलं होतं. ते आमच्या धंद्यातले शब्द आहेत, मला प्रिय आहेत. पण लोक लिहीत होते ‘पुस्तकाची पानं सुटली’, ‘पुठ्ठा निघाला’, ‘आजोबांची वही नीट करायची आहे’. मी हे शब्द जसेच्या तसे घातले आणि प्रत्येकाखाली त्याच प्रकारच्या कामाचे आधीचा नि नंतरचा असे दोन फोटो लावले. त्यानंतर फोनच बदलले. ‘तुम्ही हे करता का हो?’ ऐवजी ‘कधी आणू?’ असं लोक विचारू लागले. तुमच्याकडं येणारा माणूस ‘घोडी बसवायची आहे’ म्हणत नसेल, ‘आवाज घरघरतोय’ म्हणत असेल. मग तेच लिहा.

हे सगळं करून महिना-दोन महिने गेले, वहीत ‘शोधून’ असं लिहिलेली नावं वाढली, की मग जाहिरातीला थोडे पैसे ठेवा. तेही बूस्टमध्ये नाही. बूस्टच्या वेळी तुम्ही जो हेतू निवडता, त्याला साजेशी माणसं ती यंत्रणा शोधते. लाइक मागितले तर लाइक देणारे मिळतात, आणि ते तुमच्याकडं आधीच अकराशे आहेत. शोधाच्या पानावरची जाहिरात वेगळी. गूगलनं ती सोय २००० साली ३५० जाहिरातदार घेऊन सुरू केली. तिथं माणूस आधी आपली अडचण लिहितो, मग जाहिरात दिसते, आणि साधारणपणे पैसे पडतात ते क्लिकचे. ती लावताना एक बारीक जागा बघा. ठिकाण निवडल्यावर, ‘त्या ठिकाणी असलेले’ आणि ‘त्या ठिकाणात रस असलेले’ अशा दोन्ही लोकांना दाखवायचं, हा पर्याय आधीपासूनच खूण केलेला असतो. रस असलेला माणूस शेकडो मैलांवर बसलेला असू शकतो. फक्त ‘त्या ठिकाणी असलेले’ निवडा. आणि नको असलेल्या शब्दांची यादी भरा : ‘क्लास’, ‘नोकरी’, ‘व्हिडिओ’, ‘घरच्या घरी’. माझ्या यादीत पहिला शब्द ‘पीडीएफ’ आहे. पुस्तक फुकट उतरवून घेणारे माझ्या जाहिरातीवर क्लिक करत होते आणि पैसे माझे जात होते. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, कारण खर्च दिसत होता आणि वहीत एकही नाव नव्हतं.

प्रश्न : मी कागदपत्रांचं भाषांतर करते. स्वभावानं अबोल आहे. व्यावसायिकांचा एक गट आहे, दर आठवड्याला भेटतो, सभासद एकमेकांना कामं मिळवून देतात. वर्गणी भरावी लागते. सगळे म्हणतात नेटवर्किंगशिवाय धंदा नाही. लिंक्डइनवर सातशे जण जोडलेत, त्यांतून एकही काम आलं नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण वडील गेल्यावर दुकान हातात आलं तेव्हा मीही अशीच होते. लोकांत जाऊन बोलायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. म्हणून मला जे उपयोगी पडलं ते सविस्तर सांगते.

वही घेऊन बसले आणि ज्यांनी माझ्याकडं माणसं पाठवली, त्यांच्या नावांखाली रेघा मारल्या. मला वाटलं होतं बहीण, मैत्रिणी, जवळचे नातेवाईक सापडतील. ते फार थोड्या ठिकाणी होते. पानापानावर कोण होतं, तर ज्याच्याकडून मी पुठ्ठ्याचं कापड घेते तो माणूस. त्याच्याशी माझं महिन्यातून पाच मिनिटं बोलणं होतं. दुसरं नाव एका ग्रंथालयातल्या बाईंचं, त्यांची-माझी भेट वर्षातून दोनदा.

असं का होतं, हे मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३मध्ये एका निबंधात मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, की ज्यानं खबर दिली त्याला त्या काळात तुम्ही किती वेळा भेटत होता? ५४ जणांपैकी वरचेवर भेटणारे फक्त ९ निघाले. अधूनमधून भेटणारे ३०, आणि क्वचितच भेटणारे १५. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं, ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर दुसऱ्या वर्तुळातून येते आणि तिथं आपली ओळख जेमतेम असते. पण यावरून अनोळखी माणसं जोडत सुटावं, असं निघत नाही. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सभासदांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. तिथंही नोकरी बदलायला बेताच्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या, अगदी नावापुरत्या असलेल्या तितक्या नाहीत. तुमचे सातशेतले बहुतेक जण त्या नावापुरत्यांतले असावेत.

तेव्हा माझा प्रश्न असा : तुमचं गिऱ्हाईक तुमच्याकडं येण्याच्या आदल्या दिवशी कुणाकडं असतं? परदेशी शिकायला निघालेला विद्यार्थी सल्लागाराकडं असतो. मालमत्तेचे कागद घेऊन फिरणारा वकिलाकडं असतो. यंत्र निर्यात करणारा कारखानदार त्याच्या सोबतचं माहितीपुस्तक मांडणी करणाऱ्याकडं देतो. अशा दहा जणांची नावं काढा. त्यांतले तीन-चार त्या गटात असतील तर वर्गणी भरा, नसतील तर नको. अशा गटांमध्ये सर्वांत पसरलेला बीएनआय, म्हणजे बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल. आयव्हन मिस्नर यांनी तो १९८५मध्ये सुरू केला. त्याच्या एका शाखेत एका धंद्याचा एकच सभासद घेतात. पद्धत विचार करून आखलेली आहे. पण दर आठवड्याची हजेरी लागते, आणि ज्यांच्या हातून तुमचं गिऱ्हाईक कधी जातच नाही, अशांसमोर वर्षभर बसून काही हाती लागत नाही.

अबोलपणाची काळजी करू नका. दहा जणांना एकेकट्यानं भेटायला वक्तृत्व लागत नाही. मागणं मात्र नेमकं असू द्या. मी पूर्वी म्हणायची, ‘कुणाला बांधणी हवी असेल तर सांगा.’ हे ऐकून कुणालाही कुणी आठवत नाही. आता म्हणते, ‘ज्याचा प्रबंध मंजूर झालाय आणि ज्याला आठवड्याच्या आत पाच प्रती जमा करायच्यात, असा विद्यार्थी आला तर माझ्याकडं पाठवा.’ डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो. आणि मागण्याआधी द्या. गेल्या महिन्यात तुमच्याकडं आलेल्या कुणाला वकील हवा होता का? त्याला नाव सांगा आणि वकिलांनाही दोन ओळी लिहा : ‘अमुक यांना तुमच्याकडं पाठवलंय, करारनामा इंग्रजीतून समजून घ्यायचा आहे.’ माहितीपत्रक जोडू नका. हे मी मनापासून सांगते आहे, हिशेब म्हणून नाही. ज्याचं काम चांगलं आहे त्याच्याकडं माणूस पाठवताना मला आनंद होतो, आणि पाठवलेला माणूस परत येऊन ‘छान झालं’ म्हणतो, तेव्हा जास्त होतो.

प्रश्न : आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बिलबुकातून जुन्या गिऱ्हाइकांचे सहाशे फोन नंबर निघाले. मुलगा म्हणतो व्हॉट्सॲप ग्रुप करू आणि ऑफर टाकू.

उत्तर : ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो. त्यांनी तो तुम्हाला सायकल तयार झाली की कळवण्यासाठी दिला होता.

ब्रॉडकास्ट यादीत प्रत्येकाला वेगळा निरोप जातो, एका यादीत २५६ नंबर बसतात. पण ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच तो पोचतो. काहींना ही अडचण वाटते, मला ती चाळणी आवडते. ज्यानं नंबर साठवलाय त्याला तुम्ही हवे आहात. इमेल गोळा केले तरी तोच विचार ठेवा. ३ मे १९७८ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युअर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या संगणकजाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण न विचारता पाठवलं. पहिलं स्पॅम म्हणून तेच ओळखलं जातं आणि तेव्हाही लोक संतापले होते. आता तो संताप मोजतात. फेब्रुवारी २०२४पासून गूगलचा नियम आहे, की पाठवलेल्या पत्रांवरच्या स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. सहाशेंतल्या दोघांनी बटण दाबलं, की ती रेषा ओलांडली. मग ज्यांना तुमचं पत्र हवं आहे, त्यांचंही स्पॅममध्ये जायला लागतं.

म्हणून सायकल परत देताना विचारा : ‘वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगची आठवण केली तर चालेल का?’ हो म्हणाले तर बिलबुकात खूण करा. जुन्या सहाशेंपैकी जे पुन्हा येतील त्यांनाही तेव्हाच विचारा. दोन वर्षांत यादी शंभर-दीडशेची होईल आणि ती तुमची खरी यादी.

प्रश्न : ओळखीच्या एकानं आमच्या शिवणकामाच्या धंद्याची वेबसाइट करून दिली. आता तो फोन घेत नाही. वेबसाइट चालू आहे, पण पासवर्ड वगैरे काहीच आमच्याकडं नाही. घाई करायला हवी का?

उत्तर : हो, याच आठवड्यात. माझी पहिली वेबसाइट अशीच गेली. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, करून देणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, त्याला ते सोपं वाटलं. मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी सूचना पाठवणं डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारवर बंधनकारक असतं. सूचना गेल्याही असतील, पण त्या त्याच्या जुन्या इमेलवर. एका सकाळी साइट उघडेना. नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं आणि त्या नावाचे माझे छापील कागद कपाटभर पडून होते. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

डोमेनांच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर तुमच्या साइटचं नाव टाका. मालकाचं नाव झाकलेलं असलं तरी रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते, हे दिसेल. ती तारीख भिंतीवर लिहा. मग त्या ओळखीच्या माणसाला शांतपणे, लेखी कळवा : डोमेन आमच्या नावावर आणि आमच्या इमेलवर करून द्या, नाहीतर ट्रान्सफरचा, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडं हलवायचा, कोड द्या. नोंदणीत ज्याचं नाव आहे त्यानं मागितला तर डॉट कॉमसारख्या डोमेनचा कोड रजिस्ट्रारला पाच दिवसांत द्यावा लागतो, म्हणजे हे अवघड काम नाही. रागावू नका. नोंद त्याच्या नावावर असेल तोवर तो सांगेल तसंच होणार. मुदत उलटून डोमेन काढून टाकलं गेलं, तरी डॉट कॉमला आणखी ३० दिवस ते जास्त पैसे भरून सोडवता येतं, पण तेही ज्याच्या नावावर आहे त्यालाच.

फक्त फेसबुक-इन्स्टाग्रामवर राहू, साइटची कटकटच नको, असं मनात येईल. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या कामातल्या एका चुकीच्या आज्ञेनं त्यांचं सगळं जाळं तुटलं. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट करून मिळणाऱ्या साइट मार्च २०२४मध्ये गूगलनं बंद केल्या. ज्यांची तीच एक साइट होती त्यांना नव्यानं सुरुवात करावी लागली. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जरूर राहा, पण नाव आणि गिऱ्हाइकांची यादी आपल्या ताब्यात असू द्या. एक पानाची साइट पुरते.

प्रश्न : मी फोटोंच्या फ्रेम करते. एका बाईंनी गूगलवर एक तारा दिला आणि लिहिलं, ‘फ्रेम वाकडी, वेळेवर नाही, उद्धट.’ काम एक दिवस उशिरा झालं हे खरं, बाकी खोटं आहे. मैत्रिणी म्हणतात आम्ही सगळ्या पाच-पाच तारे देतो.

उत्तर : मैत्रिणींना थांबवा. एकाच आठवड्यात आलेले बारा पाच-तारे कुणालाही ओळखू येतात, आणि जिथं काम करून घेतलं नाही तिथं अभिप्राय देणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. चांगल्या अभिप्रायासाठी सवलत देणंही तसंच.

तुमचं मन दुखावलंय, हे मला कळतं. लहान धंद्याला अभिप्राय जास्त लागतात, हेही खरं. मायकल लुका या अभ्यासकानं २०११मध्ये सिएटलमधल्या उपाहारगृहांची आकडेवारी तपासली. येल्प या अभिप्रायांच्या अमेरिकी साइटवर एक तारा वाढला, की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढलं, पण ते स्वतंत्र चालणाऱ्यांचं. मोठ्या साखळ्यांवर परिणाम दिसला नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं. तुमचं-माझं नाव लोकांना तिथंच पहिल्यांदा कळतं.

उत्तर लिहा. ते त्या बाईंना जाईलच, पण खरं तर पुढं वाचणाऱ्या प्रत्येकासाठी लिहा. जे खरं आहे ते आधी मान्य करा, जे खोटं वाटतं त्यावर वाद घालू नका, दुरुस्ती देऊ करा. मी असं लिहिलं असतं :

‘नमस्कार. फ्रेम एक दिवस उशिरा मिळाली ही चूक माझी, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. वाकडी वाटत असेल तर कृपया घेऊन या, कोपरे तुमच्यासमोर गुण्यानं (काटकोन तपासायच्या पट्टीनं) तपासू आणि अंतर निघालं तर नवी करून देईन, पैसे लागणार नाहीत. माझ्या बोलण्यानं वाईट वाटलं असेल तर तेही सांगा. दुकान मंगळवार ते रविवार, दहा ते सहा उघडं असतं, मी स्वतः असते.’

यातले वार आणि वेळ तुमच्या घाला. आणि त्या खरंच आल्या, तर आधी गुण्या हातात घ्या.